पुढची डावी जागा

वऱ्हाडात गाडी कुणाचीही असो, मोठा माणूस पुढे बसतो. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, काच खाली, कोपर बाहेर. मागची सीट बायकांची, पोरांची, पाहुण्यांची आणि लग्नाच्या बस्त्याच्या गठ्ठ्यांची. रस्त्यानं लोक रामराम घालतात तो पुढच्या डाव्या जागेला. मागे कोण बसलंय हे बघायची कुणाला गरज पडत नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. अकोल्याच्या जानरावांना तर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत याहून वेगळी काही रीत असेल अशी शंकासुद्धा आली नव्हती. त्यामुळे जगातल्या चार-दोन महागड्या गाड्यांपैकी एक त्यांच्या दारी यायची ठरली, तेव्हा तिची सगळी ऐट मागच्या सीटवर असते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

गाडी खरं म्हणजे गजेंद्रची हौस. हा जानरावांचा एकुलता एक मुलगा. जिनिंग आणि दालमिल आता तोच बघतो, आणि येत्या जूनपासून शिवमच्या, म्हणजे पोराच्या, शाळेसाठी पुण्याला राहायला जाणार आहे. वडिलांनीही सोबत चलावं असा त्याचा आणि सुनेचा, प्रणालीचा, आग्रह. जानरावांची बायको, आशाबाई, जाऊन तीन वर्षं झाली, एवढ्या मोठ्या घरात एकट्या माणसानं करायचं तरी काय? जानराव या विषयावर हूं की चूं करत नव्हते. ‘पाहू’ म्हणायचे आणि ताटावरून उठायचे. गजेंद्रनं मनाशी धरलं की म्हातारा प्रवासाला कंटाळतो. मग घरातल्या खुर्चीत बसल्यासारखं पुण्याला नेता येईल अशी गाडीच आणू, म्हणजे प्रश्न मिटला. श्रीमंत माणसाच्या पोराला प्रश्न असेच सुटताना दिसतात.

त्या विलायती कंपनीची मंजुषा नावाची बाई मुंबईहून तीनदा आली. तिचं बोलणं मोठं लाघवी. “काका, आम्ही गाडी विकत नाही, तुमच्यासाठी घडवतो. तुमचा स्वभाव तिच्यात उतरला पाहिजे. जगात अशी दुसरी नसेल.” लाकूड कुठलं, दोरा कुठला, छताला चांदण्या किती, सगळं गजेंद्र आणि प्रणालीनं निवडलं. कातड्याचा रंग तेवढा जानरावांनी सांगितला. आत गेले आणि पहिल्या वेचणीच्या कापसाची मूठभर रुई घेऊन आले. “हा,” म्हणाले. बाईनं ती रुई पिशवीत बंद करून सरळ विलायतेला धाडली, आणि कंपनीचं पत्र आलं की या रंगाला तुमचं नाव दिलंय, तुमच्या परवानगीशिवाय जगात तो कुणालाही मिळणार नाही.

गजेंद्रनं फोनवर पत्र वाचून दाखवलं तेव्हा जानराव जुन्या गाडीत पुढच्या डाव्या जागेवर बसले होते आणि शेषराव गाडी चालवत होता.

“भाऊ,” शेषराव म्हणाला, “मंग आता वावरातल्या कापसाले बी तुमाले इचारून फुटा लागन का?”

जानराव खोकला येईपर्यंत हसले. त्या दोघांचं असंच होतं.

शेषराव पातूरकडचा, माळ्याचा. वडील टमाटे लावायचे आणि शेषराव मिसरूड फुटल्यापासून ते टेम्पोत घालून अकोल्याच्या मंडीत आणायचा. टमाट्याच्या गाडीला ब्रेक जोरात लागला की तळाच्या क्रेटचा रस होतो आणि घरी गेल्यावर बापाच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. त्यामुळे गाडी अशी थांबवायची की थांबली हे पाठीला कळू नये, हे त्याच्या पायात तेव्हापासून मुरलेलं. एकतीस वर्षांपूर्वी जानरावांनी त्याला मंडीतच पाहिलं आणि ठेवून घेतलं. तेव्हापासून तीन गाड्या बदलल्या, पण पुढच्या दोन जागांवरची माणसं बदलली नाहीत.

आणि बोलणं! अकोला ते अमरावती, अकोला ते अचलपूर, कापसाच्या हंगामात तर दिवसाला दोनशे किलोमीटर, आणि सगळं बोलण्यात. दालमिल टाकायची की नाही हे मूर्तिजापूरजवळ ठरलं. गजेंद्रला इंजिनिअर करायचा हट्ट सोडायचा हे परतवाड्याच्या रस्त्यावर ठरलं. आशाबाई म्हणायच्या, “घरात इचारून काही उपेग नाई. जा, गाडीत बसून या, मंग सांगा.” त्या गेल्या तेव्हा नागपूरच्या दवाखान्यातून परत येताना जानराव त्या पुढच्या जागेवर बसून तीन तास रडले. शेषराव रस्त्याकडे बघत राहिला. दोघं शेजारी बसलेले, डोळे समोर, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. अशा ठिकाणी माणसाला काहीही बोलता येतं. घरी समोरासमोर बसून जे ओठावर येत नाही ते तिथं आपसूक बाहेर पडतं. जानरावांना याचं कारण माहीत नव्हतं, शेषरावलाही नव्हतं, पण सवय दोघांनाही होती.

तर दिवाळीनंतर गाडी आली आणि तिच्यासोबत धर्मेंद्र आला.

धर्मेंद्र हा कंपनीचा माणूस, ड्रायव्हरांना शिकवणारा. मूळचा अचलपूरचा, म्हणूनच कंपनीनं त्याला इकडे धाडलं होतं. पण वीस वर्षं मुंबईत राहून आणि विलायतेला दोनदा जाऊन त्याची बोली इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी झाली होती. काळा कोट, हातात वही. गजेंद्रनं शेषरावला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, “काका, सोमवार ते शुक्रवार हे शिकवतीन. त्याईनं प्रमाणपत्र देलं तं गाडी तुमची. नाई देलं तं एक तारखेपासून मुंबईचा ड्रायव्हर येईन, तुमी जिनिंगच्या पिकअपवर. पगारात एक पैसा कमी होनार नाई, हे माहं वचन.”

गजेंद्र वाईट नव्हता, आणि तेच तर अवघड होतं. पगार कमी केला असता तर भांडता तरी आलं असतं. शेषरावला पगाराचं काहीच वाटलं नाही. पिकअपमध्ये त्याच्या शेजारी सरकीची पोती असणार होती, एवढंच त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याचं तोंड कडू झालं.

धर्मेंद्रनं वही उघडून नियम सांगितले. दार कसं उघडायचं, छत्री कशी धरायची, पांढरे हातमोजे. आणि सगळ्यात मोठा नियम: मालक मागे बसतील. त्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं तर कमीत कमी शब्दांत उत्तर द्यायचं, शेवटी ‘साहेब’ म्हणायचं. आरशात त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, आरसा रस्त्यासाठी असतो. “ही गाडी म्हणजे शांतता आहे,” धर्मेंद्र म्हणाला. “लोक तिच्यासाठीच घेतात. तीन फुल्या पडल्या की प्रमाणपत्र नाही. कुणासाठीही नाही.”

पहिल्याच दिवशी फुली पडली. जानरावांना गाडी बुधाजीला दाखवायची होती. धर्मेंद्रनं मागचं दार उघडून धरलं आणि ते पाहुण्यासारखे आत बसले. बुधाजीचं जुन्या शहरात पानाचं दुकान, दोघं शाळेपासूनचे दोस्त. मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि पुढची गल्ली पाहून शेषरावनं गाडी तोंडाशीच उभी केली. आत गेली असती तर दोन्हीकडचे ओटे सोबत घेऊन आली असती. बुधाजी दुकान सोडून धावत आला, त्याच्यामागे अर्धी गल्ली. आला तो थेट पुढच्या डाव्या काचेशी, आणि आत बसलेल्या धर्मेंद्रला दोन्ही हात जोडून वाकून म्हणाला, “रामराम साहेब! जानराव नाई आले का?”

जानराव मागे काळ्या काचेआड काच खाली करायचं बटण शोधत होते. आधी पडदा बंद झाला, मग चांदण्या लागल्या. काच काही उतरेना. शेवटी त्यांनी आतून काचेवर टकटक केलं, पण बाहेर एवढा कालवा की कुणाला ऐकू गेलं नाही. बाकीच्या लोकांनीही एकेक करून धर्मेंद्रलाच रामराम घातला. शेषरावला राहवलं नाही. तो वळून म्हणाला, “भाऊ, पान बांधून घेऊ का?”

धर्मेंद्रनं वहीत फुली मारली.

दुसरी फुली मंगळवारी. सीटमधलं पाठ चेपायचं यंत्र आपोआप सुरू झालं आणि जानराव ओरडले, “अबे, पाठीत गुच्चे कोन मारून रायलं?” शेषराव फस्सकन हसला आणि आरशात पाहिलं. झालं. दुसरी फुली.

त्या दिवशी घरी जाऊन शेषराव जेवला नाही. शकुन, त्याची बायको, म्हणाली, “दोन दिवस तोंड बंद ठेवा ना. त्याच्यात का मरन हाय का?” शेषरावला ते पटलं. मुळात तो मनाचा पक्का. एकदा ठरवलं की ठरवलं.

बुधवारी धर्मेंद्रनं मागच्या सीटच्या हातावर कागद पसरून काठोकाठ भरलेला काचेचा पेला ठेवला आणि पातूरपर्यंत जाऊन यायला सांगितलं. शेषरावनं टमाटे आठवले. परत येऊन पाहिलं तर पेल्याखालचा कागद कोरडा. धर्मेंद्रची भुवई वर गेली. “असं मुंबईतही कुणी केलं नाही,” तो म्हणाला. शेषरावनं मान हलवली, तोंड उघडलं नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. जानराव मागून काही म्हणत, शेषराव ‘हो साहेब’ म्हणे. त्याला वाटत होतं, आपण जिंकत चाललो आहोत. इतका शहाणा माणूस, पण त्याला एवढं सुचलं नाही की हा नियम मागे बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलेलाच नाही.

शुक्रवारी शेवटची परीक्षा, म्हणजे अमरावतीचा प्रवास. अंबादेवीपुढे गाडीची पूजा करायची होती. गजेंद्र आणि प्रणाली दुसऱ्या गाडीनं आधीच निघून गेले. विलायती गाडीत तिघंच. शेषरावच्या शेजारी धर्मेंद्र आणि वही. मागे त्या कापसाच्या रंगाच्या एवढ्या थोरल्या सीटवर जानराव. उंचीनं बेताचेच, त्यात ती सीट खोल. धोतरातले पाय पुढच्या पायटेकणीपर्यंत पोचत नव्हते.

बोरगाव मंजू मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वेचत होत्या, मधल्या ओळींना तूर पिवळी झाली होती. जुन्या गाडीत असती तर एवढ्यावर दहा किलोमीटर बोलणं झालं असतं.

“शेषराव,” मागून आवाज आला, “कापूस कसा दिसते औंदा?”

शेषरावच्या जिभेवर सगळं होतं. खालच्या बोंडाला कीड आहे, वरचं चांगलं आहे, त्या वळणापलीकडच्या वावरात फवारणी उशिरा झालेली दिसते. त्यानं सगळं गिळलं.

“चांगला आहे साहेब.”

त्या गाडीत काहीच ऐकू येत नाही, चाकांचा नाही, वाऱ्याचा नाही. काटेपूर्णेचा पूल गेला.

“या गाडीत कसलाच आवाज येत नाई,” जानराव म्हणाले. “मी इथं मागच्या मागं मेलो तं तुले समजन का रे?”

“हो साहेब.”

धर्मेंद्रनं वहीत बरोबरची खूण केली. शेषरावनं ती तिरप्या डोळ्यानं पाहिली आणि त्याला बरं वाटलं. अजून सत्तर किलोमीटर. अजून सत्तर किलोमीटर तोंड शिवून ठेवलं की ही गाडी आपली आणि भाऊ आपले.

मूर्तिजापूर गेलं आणि जानराव पुन्हा बोलले. या वेळी आवाज अगदी हळू, घरातल्या कुणाशी बोलावं तसा.

“शेषराव, तुले सांगाचं होतं. एक तारखेले मुंबईचा पोरगा येऊन रायला. मी काल रात्रीच गजूले सांगतलं, बोलाव म्हनून. प्रमानपत्राची वाट नको पाहू म्हनलं.” ते थांबले. “गजूच्या मनातलं नाई हे, माह्या मनातलं हाय. तुले ह्या गाडीत तरास होऊन रायला, मले दिसते. ते मोजे, ते साहेब-साहेब. तू रुसला माह्यावर. माह्याशी बोलनं टाकलं तू. एकतीस वर्स झाले, तुह्यावर जबरदस्ती करू का मी? तू तिकडे पिकअपवर सुखी राहशीन.”

शेषरावचे हात चाकावर होते तसेच राहिले. गाडी सूतभरही डगमगली नाही. एक किलोमीटर गेला, दुसरा गेला. ज्या दोन दिवसांत आपण सीट कमावतोय असं त्याला वाटत होतं, त्याच दोन दिवसांत ती चालली होती, आणि नेणारा गजेंद्र नव्हता, धर्मेंद्र नव्हता, भाऊ होते. आणि बोलावं तर तिसरी फुली. न बोलावं तर एक तारीख.

लोणीच्या अलीकडे त्यानं बाजूचा दिवा लावला आणि गाडी रस्त्याच्या कडेला एका तुरीच्या वावराशी उभी केली. थांबली हे कुणाच्या पाठीला कळलं नाही. मग त्यानं हातमोजे काढले, एकेक बोट करून, आणि सीटवर पूर्ण मागे वळला.

“मारा फुली,” तो धर्मेंद्रला म्हणाला. “तिसरी बी मारा, चवथी बी मारा. पान भरून टाका.” आणि जानरावांकडे बघून त्यानं जे तोंड सोडलं, ते एकतीस वर्षांत सोडलं नव्हतं. “रुसलो? मी रुसलो? भाऊ, तुमाले लाज नाई वाटत असं म्हनाले? अजी, मी भेलो! ह्या मानसाच्या वहीत दोन फुल्या हायत माह्या. एक तुमच्या पानाची, एक तुमच्या गुच्च्याची. तिसरी पडली का मी पिकअपवर. म्हनून दात खाऊन बसलो दोन दिवस. जिभेले छाले आले माह्या. बायको म्हनते मुके झाले का. तुमच्या बाजूले बसाले भेटावं म्हनून मी तुमच्याशी बोलनं बंद केलं, आन् तुमी त्याच्यावरूनच मले काढता? एकतीस वर्स बाजूले बसले तुमी. मानूस रुसला का भेला, एवढं नाई समजत तुमाले?”

जानराव त्या खोल सीटमध्ये अवघडून पुढे सरकले. त्यांचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र चढला.

“कुठून समजन बे? मले इथून तुही मान दिसते फक्त! चार दिवस झाले तुही मान पाहून रायलो मी. मानंवरून का समजते मानसाचं? तोंड दिसत नाई, तू बोलत नाई, काच उघडत नाई. बुधाजी ह्या धर्मेंद्रले रामराम घालते. मले तं वाटते माही तेरवी झाली आन् मले कोनी सांगतलं नाई!”

शेषराव हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण ते आलं. मग जानरावही हसले, आणि दोघंही डोळे पुसत हसत राहिले. मधे सापडलेला धर्मेंद्र वही मिटायची की उघडी ठेवायची हे न कळून रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत होता.

मग जानरावांनी दाराचं बटण पहिल्याच फटक्यात शोधलं. खाली उतरले, गाडीला वळसा घालून पुढच्या डाव्या दाराशी आले आणि ते उघडून म्हणाले, “उतर बावा.”

“साहेब,” धर्मेंद्र म्हणाला, “या गाडीची खरी जागा मागची आहे. सगळं कौशल्य तिथं ओतलंय. पुढे बसायला तुम्ही ही गाडी...”

“मंग तूच बस तिथं. खऱ्या जागेवर.”

धर्मेंद्र उतरला. दोन पावलं मागे गेला आणि उघड्या दाराशी थबकला. “अकरा वर्षं झाली मला या कंपनीत,” तो म्हणाला, “मागे मी कधी बसलो नाही.” तो बसला. पाठ टेकली, मग डोकं टेकलं. थोड्या वेळानं त्याच्या तोंडून अचलपूरची बोली निघाली, बहुधा त्याच्याही नकळत. “लय आराम हाय राव हे.”

“फुलीचं काय?” शेषरावनं विचारलं. गाडी अजून सुरू केली नव्हती.

धर्मेंद्रनं वही चाळली, पानं मागेपुढे केली. “नियम मागे बसणाऱ्या मालकासाठी आहेत,” तो म्हणाला. “शेजारी बसणाऱ्या मालकाशी बोलावं की न बोलावं, याबद्दल कंपनीनं काही लिहिलेलंच नाही. त्यांना असं कुणी करेल असं वाटलं नसेल. प्रमाणपत्र अमरावतीला सही करून देतो.”

गाडी निघाली. जानरावांनी काच खाली केली, आणि वारा, ट्रकचा भोंगा, वेचणाऱ्या बायांचा कालवा सगळं एकदम आत आलं. त्यांनी कोपर बाहेर काढलं. शेषरावनं त्यांना खालच्या बोंडाच्या किडीचं सांगितलं, उशिरा झालेल्या फवारणीचं सांगितलं, बुधाजीच्या जावयाचं सांगितलं. दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. आपली जागा आपल्याला परत मिळाली, एवढ्या एका गोष्टीनं त्याला इतका आनंद झाला होता की पाय हलका ठेवायला त्याला प्रयत्न करावा लागत होता.

बडनेरा दहा किलोमीटरवर आलं तेव्हा जानराव रस्त्याकडे बघत म्हणाले, “शेषराव, एक इचारू? चार दिवसांपासून पोटात हाय.”

“इचारा ना.”

“गजू पुन्याले चालला. मले चाल म्हनते. शिवम बी रोज म्हनते, आबा चला. ते गेले का घरात मी एकटा. तिकडे गेलो तं कोनाले ओळखत नाई. काय करू मी?”

उत्तर शेषरावला माहीत होतं. गेल्या वर्षभरात घरातले सगळे गावाला गेले की, भाऊंना घरी सोडून किल्ली टांगताना, त्या मोठ्या घरात एकच दिवा लागलेला त्यानं पाहिला होता. गाडीत शिवमचा फोन आला की भाऊंचा आवाज कसा बदलतो तेही ऐकलं होतं. नका जाऊ म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता, आणि भाऊंनी तो ऐकलाही असता; दालमिलचं ऐकलं होतं, गजूला इंजिनिअर करायचा हट्ट सोडा म्हटलं तेही ऐकलं होतं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी मिळालेली जागा जन्मभर राहिली असती. पण त्या दोन जागांवर बसून खोटं बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

“जा भाऊ,” तो म्हणाला. “नातवापाशी जा.”

जानरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंही पाहिलं नाही. समोर एक ट्रॅक्टर चालला होता, मागे कापसाचा ढीग बांधलेला.

“तुले चालन?”

“मले नाई चालत,” शेषराव म्हणाला. “मले काहीच चालत नाई. पन तुमी जा.”

ट्रॅक्टर मागे पडला. जानरावांनी कोपर आत घेतलं आणि हाताच्या पंज्यानं तोंड पुसलं.

“आज देवीपुढंच गजूले सांगतो, येतो म्हनून,” जानराव शेवटी म्हणाले. “पन गाडी इथंच राहीन. तुह्यापाशी. हंगामाले मले यावंच लागते, तवा तू घ्याले याचं आन् सोडाले याचं. मुंबईचा पोरगा नको. पुन्याहून अकोला किती घंटे?”

“दहा धरा.”

“जायाचे दहा, याचे दहा.” जानरावांनी बोटांवर मोजलं. “वीस घंटे होते लेका. इथं तं मिलमधी जातायेता अर्धा घंटा बी बसत नाई आपुन.”

शेषरावनं मान हलवली. बोलता त्याला येत नव्हतं, आणि या वेळी त्याचं कारण वहीत कुठंच नव्हतं. बडनेऱ्याचा पूल आला, त्यानं गाडी हळू केली आणि समोर बघत डोळे पुसले.